लाल दिवा म्हणजे बंद

ता. ३, सोमवार

लिहून ठेवणार मी स्वतः. वय एकोणऐंशी पूर्ण. शिक्षण चौथी पास, वर्गात दुसरा क्रमांक. व्यवसाय चित्रपटगृहातील मुख्य ऑपरेटर, सलग एक्केचाळीस वर्षे, सध्या निवृत्त. नाव वहीच्या पुठ्ठ्यावर आहे, ते येथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. कामावर मला ऑपरेटरसाहेब म्हणत. डोळे चष्म्यासह शाबूत. कानही शाबूत, हल्ली लोक पुटपुटतात, तो दोष माझा नव्हे.

वही लिहिण्याची शिस्त मी लग्नाच्या वर्षापासून पाळली आहे. मधली काही वर्षे नोंद करण्यासारखे काही घडले नाही म्हणून खंड पडला. आज घडले, सबब पुन्हा आरंभ.

सकाळी नात आली. माझ्या मुलीची मुलगी, वय बावीस, चित्रपट करण्याचे शिकते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक लहान चित्रपट स्वतः करावा लागतो. तिच्याबरोबर दोघे होते : एक दाढीवाला, तो कॅमेरा चालवतो, आणि एक मुलगी, जी कानांवर डबे लावून आवाज घेते. विषय काय, असे विचारता नात म्हणाली, "आपलं थिएटर. ते आता पाडणार आहेत ना? थिएटर आणि त्याचे दोन ऑपरेटर."

"दोन कोण?"

"तुम्ही आणि मामाआजोबा."

तिचा मामाआजोबा म्हणजे माझा मेव्हणा, पत्नीचा धाकटा भाऊ. चौतीस वर्षांपूर्वी तो माझ्या हाताखाली सहायक होता. एका खेळाला गोंधळ झाला, चौकशी झाली, त्याला काढले. त्यानंतर आमचे बोलणे नाही. नऊ वर्षांपूर्वी पत्नी गेली त्या दिवशी तो आला, भिंतीशी उभा राहिला आणि गेला. त्याला काढले तेव्हा माझी मुलगी चौदा वर्षांची होती. मामावर तिचा फार जीव. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, दोन्ही वेळचा डबा आणून ठेवते, "औषध घेतलंत?" असे विचारते आणि निघते. कामापुरते बोलणे ही पद्धत तिने चौदाव्या वर्षी सुरू केली, ती आजतागायत मोडलेली नाही.

इतक्या वर्षांनी हे दोन ऑपरेटर कोणाला आठवले? नातीला, की नातीच्या आईला? की त्या पलीकडच्या माणसाने दोघींना पढवून पाठवले आहे? मी काही विचारले नाही. संमतीच्या कागदावर सही मागितली तेव्हा मात्र स्वहस्ते एक अट लिहिली : चित्रपटाची सुरुवात प्रथम मला दाखवावी, माझ्या होकाराशिवाय इतरांस दाखवू नये.

"आणि शेवट?" नातीने विचारले.

"शेवटाशी मला कर्तव्य नाही."

ती हसली. मी विनोद करीत नाही. ऑपरेटरला शेवट क्वचितच पाहावयास मिळतो. त्या वेळी तो पुढच्या खेळाच्या तयारीत असतो. पहिली दोन मिनिटे मात्र त्याला डोळ्यांत तेल घालून पाहावी लागतात, कारण चित्र स्पष्ट आहे काय, उजेड पुरेसा आहे काय, आवाज किती ठेवावा, हे तेव्हाच ठरते. अशा सुरुवाती मी दिवसाला चार याप्रमाणे पाहिल्या आहेत. प्रेक्षक निकाल देतो तो पहिल्या दोन मिनिटांत. आधी पावले ऐकू आली आणि मागाहून बूट दिसले, तर त्या बुटांतला माणूस वाईट. अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा काळा, तर तो काही लपवतो आहे. कॅमेरा सावकाश दाराकडे सरकू लागला, तर दारामागे पाप आहे. पुढे दोन तास तो माणूस कितीही सज्जनपणे वागो, प्रेक्षक त्याच्यावरची नजर काढत नाहीत.

ता. ४, मंगळवार

आवाजवालीने माझ्या कॉलरला मण्याएवढा माइक लावला आणि त्याची डबी खिशात दिली. परक्या मुलीने घडोघडी माझ्या सदऱ्याला हात लावावा हे मला पसंत नाही. सबब ठरले की सकाळी एकदाच लावायचा, संध्याकाळी मीच काढून देणार. डबीवर एक बटण व एक दिवा आहे. नको असेल तेव्हा बटण दाबून बंद करा, असे काहीसे ती म्हणाली. तिच्या तोंडात गोळी होती. समजावून घेण्याची गरज पडली नाही. आमच्या केबिनच्या दारावर लाल दिवा असे. तो लागला म्हणजे मशीन थांबलेले आहे, आत येण्यास हरकत नाही. लाल दिवा म्हणजे बंद, यात दोन मते नाहीत.

तिघांनाही बजावले : चार ते पाच ही माझी वेळ. त्या वेळी त्यांनी बाहेरच्या खोलीत बसावे, दार लोटलेले राहील. "हो हो, तुम्ही निवांत करा आजोबा," असे नात फारच नम्रपणे म्हणाली. चार वाजता मी बटण दाबले, लाल दिवा लागल्याची खात्री केली आणि लिहावयास बसलो; माइकची ही हकिगत मात्र रात्री, तिघे गेल्यावर लिहितो आहे.

दुपारी कॅमेरावाल्याने दिवा जमिनीवर, माझ्या पायांशी ठेवला होता.

"दिवा खाली कशासाठी?"

"फरशीवरून ऊन परततं ना, तसं दिसायला."

"खालून उजेड चोरांना देतात."

"आणि देवांना?"

"वरून."

"मग तुमचं काय ते ठरलं की सांगा, हलवतो." तिघेही हसले. दिवा तेथेच राहिला. नोंद केली.

ता. ६, गुरुवार

आज एक चमत्कारिक प्रकार. सर्वांनी एक मिनिट हालचाल न करता बसायचे, असा हुकूम आवाजवालीने काढला.

"कशाचा आवाज घेता?"

"खोलीचा."

"कोणी बोलत नसता खोलीला आवाज कुठला?"

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आजोबा. ती घेऊन ठेवावी लागते. नाहीतर दोन बोलण्यांच्या मध्ये भोक पडल्यासारखं वाटतं."

शांतता म्हणजे आवाज नसणे. तिचे प्रकार असू शकत नाहीत. पण मी बसलो. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मधेच एकदा डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिले. काय ऐकले असेल? मिनिट संपल्यावर नात म्हणाली, "काही नाही हो, तुमचं नाक वाजतं."

इतर तक्रारी तोंडावर बोलणे मला शोभत नाही, येथे नमूद करतो. नात चहात साखर घालते की साखरेत चहा, हे कळत नाही. आवाजवालीचे बूट चीं-चीं वाजतात, आणि म्हणे आवाजवाली. कॅमेरावाल्याची दाढी पाहून मला पायपुसणे आठवते.

लिहिताना हल्ली घसा कोरडा पडतो. याचे कारण डॉक्टरांना विचारावे.

ता. ९, रविवार

आज तिघांना सुट्टी. शुक्रवारी चहा बेताचा गोड होता. आवाजवाली बूट दाराबाहेर काढून अनवाणी आत आली. काल कॅमेरावाला दाढी करून आला. हनुवटी अगदीच लहान निघाली.

याचा अर्थ एकच. माझी वही वाचली जाते.

वही पेटीत असते. पेटीची किल्ली पत्नीच्या वेळेपासून दोन ठिकाणी, एक माझ्याकडे, दुसरी मुलीकडे. आता साखळी पूर्ण जुळली : आई किल्ली देते, मुलगी वाचते. आज वहीच्या पानांत पांढरा दोरा आडवा घालून ठेवतो आहे.

ता. १०, सोमवार

दोरा जसाच्या तसा. चोर कसबी आहे.

हे सकाळीच, तिघे येण्यापूर्वी. पुढचा मजकूर चार वाजता लिहिणार, मुद्दाम खोटा. खिडकीचा पिवळा पडदा मला मुळीच आवडत नाही. तो पाहिला की डोके दुखते. पूर्णविराम.

ता. ११, मंगळवार

सकाळी पडदा गायब. खिडकी उघडीबोडकी. नातीने पडदा घडी करून पिशवीत भरला होता.

"हे कोणी सांगितले?"

"तुम्हीच की. तुम्हाला आवडत नाही ना?"

"मी तुला असे बोललो?"

"प्रत्यक्ष कुठे बोलता तुम्ही," ती म्हणाली आणि आवाजवालीकडे पाहून हसली.

इतका निगरगट्टपणा मी कोणत्याही चित्रपटात पाहिलेला नाही. दोरा याही वेळी जागेवर होता. तिघे गेल्यावर स्वतः जाऊन नवे कुलूप आणले. किल्ली एकच, ती गळ्यात. तो पडदा मला आवडत असे, हे कोणाला सांगण्याची सोय राहिली नाही.

ता. १३, गुरुवार

आज कॅमेऱ्यासमोर नातीने विचारलेच. "आजोबा, त्या दिवशी केबिनमध्ये काय झालं?"

चौकशीत जे सांगितले तेच मी सांगितले. तिने दुसऱ्यांदा विचारले नाही. कॅमेरा मात्र बराच वेळ माझ्या तोंडावर रोखलेला राहिला, उत्तर संपून गेल्यावरही. ही युक्ती मी ओळखतो. माणूस बोलायचा थांबला तरी त्याच्यावर कॅमेरा ठेवला, की प्रेक्षकाला वाटते, याच्या पोटात आणखी काही आहे.

हे लोक आपल्या मनाप्रमाणे जोडकाम करणार. निदान एका ठिकाणी तरी गोष्ट जशी घडली तशी असावी. कुलूप नवे आहे, दार लोटलेले आहे, लाल दिवा लागला आहे. सबब लिहितो.

खेळ दुपारी तीनचा. नवा चित्रपट, पहिला दिवस, सभागृह गच्च. रिळांचा पहिला डबा मी उघडला. झाकणाच्या आत एक छापील चिठ्ठी होती, परक्या लिपीत. ती लिपी मला येत नाही. मेव्हण्याला येत असे; तो कॉलेजात जाऊन आलेला. हाक मारली असती तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. परंतु त्याच आठवड्यात मी फलकावर 'मध्यांतर' असे लिहिले होते, आणि त्याने सर्वांदेखत ते पुसून 'मध्यंतर' केले होते. शब्द त्याचाच बरोबर होता. मी चिठ्ठीची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

खेळ सुरू केला. पडद्यावर काळोख. आवाज नाही. मी मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पाहिल्या, जळत होत्या. फिल्म चालत होती. आवाजाच्या बटणाशी मेव्हणा होता. तो म्हणाला, "दाजी, जरा थांबा. असंच असेल हे."

मी म्हणालो, "असे कधी असते काय?"

खाली शिट्ट्या सुरू झाल्या. मालक सभागृहात बसलेले होते. मी मेव्हण्याचा हात बाजूला सारला आणि बटण शेवटपर्यंत फिरवले. त्याच क्षणी चित्रपटातला डोंगराचा कडा कोसळला. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकू इच्छित नाही. अंधारात बसलेल्या माणसांना वाटले, छतच आले. सगळी दाराकडे धावली. दारावरच्या माणसाचा पाय मोडला. पुढे तो जन्मभर काठीने चालला.

चौकशीत मालकांनी विचारले, फिल्मबरोबर काही सूचना आली होती काय? मी म्हणालो, "डबे सहायक उघडतो. परकी लिपी त्यालाच वाचता येते." दोन्ही वाक्ये शुद्ध होती. एरवी डबे तोच उघडत असे. मालक त्याच्याकडे वळले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे, आणि म्हणाला, "माझ्या लक्षात आलं नाही."

तो असे का म्हणाला, हे मला आजवर उलगडलेले नाही. कदाचित त्याला काम सोडावयाचेच असावे.

चिठ्ठी माझ्यापाशी आहे. तीत काय लिहिले आहे ते मला ठाऊक नाही. कोणाला विचारणार?

ता. १४, शुक्रवार

कुलूप जसेच्या तसे. तरीही तिघांचे वागणे ठीक नाही. माइक लावताना आवाजवालीचा हात क्षणभर माझ्या खांद्यावर राहिला. कॅमेरावाल्याने एकही वात्रट उत्तर दिले नाही. नातीचे डोळे सुजलेले; सर्दी, असे म्हणाली. सर्दीने नाक सुजते.

निघताना ती उंबरठ्याशी थांबली. "आजोबा, कालचं मी सुरुवातीला वापरू ना?"

काल तिने माझ्या बंद दाराचे बरेच चित्रण केले होते. ते असावे, असे समजून मी म्हणालो, "अट कागदावर आहे. आधी दाखव, मग विचार."

"दाखवते. थँक यू, आजोबा."

आभार कशाचे? काहीतरी शिजते आहे. त्यानंतर ती दोन दिवस मामाआजोबाकडे जाणार असल्याचेही कळले.

ता. १९, बुधवार

आज सुरुवात पाहिली.

दुपारी तीन वाजता नात एकटीच आली, टेबलावर कॉम्प्युटर ठेवला आणि खिडकीला चादर लावली. मी खुर्ची पुढे ओढून बसलो, कामावर बसत असे तसा.

पडदा काळा. काही ऐकू येईना. मी म्हणालो, "बिघडले आहे."

"थांबा ना."

माझा हात उठला होता. कोणते बटण दाबावे हे ठाऊक नसल्यामुळे तो तसाच राहिला. मग त्या काळोखात, शांतता म्हणता येणार नाही असे काहीतरी ऐकू येऊ लागले. खोली होती. माझी खोली, हे मला ओळखता आले. कशावरून ते सांगता येत नाही. कागदावर टाक घासल्यासारखा आवाज. एका म्हाताऱ्याचा श्वास. आणि मग तो म्हातारा एकेक शब्द सुटा उच्चारत बोलू लागला.

"खेळ. दुपारी. तीनचा. पूर्णविराम. नवा. चित्रपट. स्वल्पविराम."

हळूहळू काळोखात खाली एक उजेडाची रेघ दिसू लागली. लोटलेल्या दाराखालची फट. कॅमेरा दाराकडे सरकला नाही. जागेवरच राहिला, बसून ऐकणाऱ्या माणसासारखा. दारामागचा म्हातारा डबा, चिठ्ठी, मध्यंतर, सर्व सांगत गेला. कडा कोसळल्याचे त्याने सांगितले तेव्हा कोणताही मोठा आवाज त्यात घातलेला नव्हता.

मी म्हणालो, "चोर."

नातीने चित्र थांबवले. "काय?"

"कुलूप फोडल्याशिवाय तू वही वाचलीस आणि कोणाकडून तरी माझ्या आवाजात म्हणवून घेतलीस."

"आजोबा, हा तुमचाच आवाज आहे. रोज चारला आम्ही लांबून माइक बंद करायचो, तुम्ही आम्हाला बाहेर बसवायचात, तो पुन्हा सुरू करायचात आणि बोलायचात. आम्हाला वाटलं, समोर बोलायला लाजता म्हणून असं करता. साखरेचं, पडद्याचं... आम्ही म्हटलं, स्वभावच आहे, तोंडावर सांगणार नाहीत, असं सांगतात."

"मी माइक बंद करीत असे. लाल दिवा लावून."

"लाल म्हणजे सुरू, आजोबा."

"मी लिहीत होतो."

"मोठ्यानं?"

शाळेत आम्हाला असेच शिकवले होते : शब्द उच्चारावा, मग लिहावा, विरामचिन्हासह, म्हणजे चूक होत नाही. मी चुका करीत नाही. मी मोठ्याने लिहितो हे मला आजवर कोणी सांगितले नाही.

नात रडू लागली होती. "मला वाटलं, तुम्ही शेवटी मला सांगितलंत. मी पुसून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर. आईला माहीत नाही. मामाआजोबांनाही नाही. ते तर कॅमेऱ्यासमोर अजूनही म्हणतात, चूक माझीच होती. रविवारी दोघं बघायला येणार आहेत. मी नुसत्या दारापासून सुरू करीन. नाही म्हणा, आजोबा. मी खरंच पुसते."

मी म्हणालो, "परवा सांगतो."

ता. २०, गुरुवार

तोंड घट्ट मिटून लिहितो आहे. वरच्या एवढ्याशा ओळीत तीन चुका झाल्या, त्या खोडून पुन्हा लिहील्या.

सकाळी चौतीस वर्षांपूर्वीची वही काढली. चौकशीच्या दिवसाचे पान सापडले. सर्व लिहिलेले आहे. चिठ्ठी, बटण, मी मालकांना दिलेली दोन वाक्ये. सर्व.

आम्ही तेव्हाही याच दोन खोल्यांत राहत होतो. मी येथे, टेबलाशी. पत्नी त्या भिंतीशी बसून बटणे शिवीत असे किंवा धान्य निवडीत असे. त्या दिवशी भयंकर उकडत होते. मी लिहीत असता ती उठली आणि तिने गल्लीकडची खिडकी लावून घेतली. मी म्हणालो, "वारा का बंद केलास?" ती म्हणाली, "शेजारी आहेत." मला वाटले, माझ्या लेखनात व्यत्यय नको म्हणून.

मग ती पुन्हा जागेवर येऊन बसली. मी उरलेले अर्धे पान लिहिले.

पुढे पंचवीस वर्षे ती माझ्याबरोबर राहिली. दर महिन्याला एकदा भावाकडे जात असे. परत आल्यावर मी विचारीत नसे, ती सांगत नसे. मी याला समजूतदारपणा म्हणत असे.

आणखी लिहवत नाही.

ता. २१, शुक्रवार

नातीला बोलावले. चिठ्ठी पुढे केली आणि म्हणालो, "वाचून दाखव." हे दोन शब्द मी आयुष्यात कोणालाही म्हटलेले नव्हते.

तिने घडी जपून उलगडली. कागद घड्यांवर फाटला आहे. आधी स्वतःशी वाचले, मग आपल्या भाषेत सांगितले.

"वर लिहिलंय, मुख्य ऑपरेटर यांस."

"मला?"

"तुम्हाला. 'पहिलं सव्वा मिनिट चित्र नाही आणि आवाज नाही. हा बिघाड नाही. कृपया आवाज वाढवू नये. अंधारात बसलेल्या लोकांना आपला श्वास ऐकू यावा, मग कडा कोसळावा, असं आम्हाला हवं आहे. प्रेक्षक ओरडतील. तुम्ही थांबा. आमचा सगळा भरवसा तुमच्यावर आहे.'"

मी पुन्हा वाचावयास सांगितले. तिने पुन्हा वाचले.

ज्यांनी ते लिहिले त्यांनी मला पाहिलेले नव्हते. आवाज कितपत असावा, अंधार किती असावा, हे त्यांनी वर्षभर ठरवले असणार, आणि त्यांतले पहिले सव्वा मिनिट माझ्या हातात दिले. मेव्हण्याने न वाचताच ओळखले होते. त्याने पडद्याकडे पाहिले होते. मी बटणाकडे पाहत होतो.

"मग काय करू?" नातीने विचारले.

"ठेव."

"नक्की?"

"मात्र चित्र सुरू करण्याआधी पाच मिनिटे मला दे. तुझ्या आईने आणि मामाआजोबाने ते पडद्यावरून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावे. आवाज आधी आणि माणूस मागाहून, असे मला नको आहे."

ता. २३, रविवार

खेळ सकाळी अकराचा. पिवळा पडदा नातीने परत लावला होता, शिवाय वर चादर. समोरच्या भिंतीवर दुसरी चादर ताणली. मुलगी चहा घेऊन आली आणि माझ्याकडे न पाहता कप मांडू लागली.

मेव्हणा तीन जिने चढून आला. केस सगळे गेलेले. दारात थांबून धापा टाकत म्हणाला, "दाजी, अजून लिफ्ट नाही होय इथं?"

"नाही."

"बरं झालं. नाहीतर आधीच आलो असतो."

नातीने त्याला खुर्ची दिली. मी बसलो नाही. चिठ्ठी हातात होती. काय बोलावयाचे ते मी पाठ केले होते, विरामचिन्हांसह, प्रत्यक्षात एवढेच बोललो : "त्या दिवशी डबा मी उघडला. ही चिठ्ठी मला मिळाली. ती मला वाचता आली नाही आणि मी तुला विचारले नाही. बटण मी फिरवले. चौकशीत तुझ्यावर घातले."

आवाजवालीने कानांवरचे डबे काढून मांडीवर ठेवले होते. मुलीच्या हातातला कप बशीत वाजला.

मेव्हणा म्हणाला, "माहीत आहे."

"बटणाचे माहीत असणारच. चिठ्ठीचे म्हणतो आहे."

"तेच म्हणतोय मी. चौकशीभर तुमच्या खिशातून टोक बाहेर आलं होतं तिचं. मालक समोर बसलेत, तुम्ही बोलताय, आणि मी बघतोय ते टोक. वाटलं, आता पडेल, आता पडेल."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून?" त्याने मुलीकडे पाहिले. "ही चौदाची. ताईचं घर तुमच्या पगारावर. मी एकटा होतो, कुठंही गेलो असतो. गेलो." त्याने टक्कल चोळले. मग एकदम विचारले, "ताईला माहीत होतं?"

हा प्रश्न मी पाठ केलेल्यात नव्हता.

"होय. मी लिहिताना तिने ऐकले. त्याच दिवशी."

त्याने चष्मा काढला. "दर महिन्याला यायची," तो म्हणाला. "बसायची, इकडचं तिकडचं बोलायची. मी जपायचो, तिला कळू नये म्हणून. आणि ती..."

मुलगी म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला, बाबा. तेव्हाच. तुम्ही म्हणालात, मोठ्यांच्या गोष्टीत पडू नकोस."

"होय. तसे म्हणालो."

"एवढंच?"

"एवढेच. त्यात शुद्ध करण्यासारखे काही नाही."

ती ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचे मलाही ऐकू आले. तो बराच वेळ वाहत राहिला.

मेव्हणा नातीला म्हणाला, "लाव गं तुझा पिक्चर. मला जिने उतरायला वेळ लागतो."

कॅमेरावाल्याने दिवा मालवला. चादरीवर काळोख, खोलीत काळोख. नळ बंद झाला. कोणी खाकरले नाही, कोणी खुर्ची हलवली नाही. मी हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. माझ्या डाव्या बाजूस मेव्हण्याचा श्वास ऐकू येत होता, जिन्यांमुळे अजून जड. मग भिंतीवरून मी बोलू लागलो.

चित्रपट अठरा मिनिटांचा आहे. या वेळी शेवटही पाहिला. त्याविषयी माझे मत नातीला वेगळे सांगितले आहे.

वरील सर्व हकिगत सांगताना व चित्रपट दाखवताना हजर : मेव्हणा, माझ्या शेजारच्या खुर्चीत. नात, कॉम्प्युटरपाशी. आवाजवाली, जमिनीवर. कॅमेरावाला, दिव्याच्या बटणाशी. मुलगी मधल्या दारात उभी होती. आत आली नाही, परंतु गेलीही नाही. तिला हजर धरले आहे.